मॉरिस त्रँतिन्याँ : द्राक्षमळ्यातून शर्यतीच्या रस्त्यावर

मॉरिस त्रँतिन्याँ या फ्रेंच मोटार शर्यतपटूचा जन्म ३० ऑक्टोबर १९१७ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या व्होक्लूज जिल्ह्यात सँत-सेसिल-ले-व्हीन्य या गावी झाला. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातला हा मुलूख वाइनच्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे आणि त्रँतिन्याँ घराण्याचे मळेही तिथलेच. मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकचा द्वारका चौक सोडून ओझर, पिंपळगाव बसवंतकडे निघाल्यावर जी बागाईत दिसते तिच्याशी या मुलखाचे नाते वाटेल, पण शेतीचे वेळापत्रक वेगळे आहे. नाशिकचा बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडीबार छाटणी करतो व उन्हाळ्याच्या तोंडावर माल काढतो. ऱ्होनच्या खोऱ्यात छाटणी हिवाळ्यात एकदाच होते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. युरोपातल्या मोटार शर्यतींचा मुख्य हंगाम मे ते सप्टेंबर असा असे. म्हणजे छाटणी उरकून शर्यतींना जावे आणि इटलीची शर्यत आटोपली की तोडणीला घरी परतावे, असे वर्ष बसवता येत होते. त्रँतिन्याँने जवळजवळ तीन दशके मळा आणि मोटार ही दोन्ही कामे सांभाळली. त्याच्या गाडी चालवण्यातल्या सबुरीचा उगम इथेच शोधावा लागतो.

पाच भावांत मॉरिस सर्वांत धाकटा. घरात पैसा होता आणि मोटारींचे वेडही होते. त्या काळी शर्यतीत उतरण्यासाठी या दोन्ही गोष्टी लागत. फ्रान्समध्ये १९३०च्या दशकात शर्यत हा पगारी पेशा नव्हता. मोजक्या कारखान्यांचे चालक सोडले तर बाकी सगळे आपली गाडी स्वतः विकत घेत, स्वतः वाहून नेत आणि आयोजकांकडून मिळणाऱ्या हजेरीच्या मानधनावर व बक्षिसावर खर्च भागवत. मॉरिसचा थोरला भाऊ लुई हा अशाच चालकांपैकी एक होता. मे १९३३ मध्ये पिकार्दी ग्रांप्रीच्या सरावात पेरोन येथे बुगाटी गाडीला अपघात होऊन तो मरण पावला. त्याच शर्यतीत गी बूरिया हा दुसरा फ्रेंच चालकही गेला. मॉरिस तेव्हा पंधरा वर्षांचा होता. या मृत्यूने घरात मोटारींचा विषय बंद व्हायला हवा होता, पण झाले उलटे. पाच वर्षांनी मॉरिसने भावाची बुगाटी मिळवली आणि १९३८ मध्ये पो शहरातल्या ग्रांप्रीत ती उतरवून पाचवा क्रमांक काढला. पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या शिमे येथे त्याने ‘ग्रांप्री दे फ्राँतिएर’ ही शर्यत जिंकली. लगेच महायुद्ध सुरू झाले आणि शर्यती थांबल्या.

युद्धाची वर्षे बुगाटीने एका कोठारात लपून काढली. युरोपातले युद्ध संपल्यावर चार महिन्यांनी, ९ सप्टेंबर १९४५ रोजी, पॅरिसच्या ब्वा द बूलोन्य या वनोद्यानातल्या रस्त्यांवर पहिल्या शर्यती झाल्या. पेट्रोलची टंचाई होती, टायर मिळत नव्हते, गाड्या सगळ्या युद्धापूर्वीच्या होत्या. तरीही त्या दिवसाला मोल होते, कारण शत्रूच्या ताब्यातून सुटलेले शहर पुन्हा आपल्या रस्त्यांवर सण साजरा करत होते. त्रँतिन्याँची गाडी मध्येच थांबली. कोठारात पडून असताना इंधनाच्या टाकीत उंदरांनी घर केले होते आणि त्यांच्या लेंड्यांनी इंधनाची वाट बुजली होती. दक्षिणेकडच्या बोलीत लेंड्यांना जो शब्द आहे त्यावरून सहकाऱ्यांनी त्याला ‘पेतुले’ हे टोपणनाव दिले. ते त्याला आयुष्यभर चिकटले आणि त्यानेही ते आनंदाने मिरवले.

युद्धोत्तर फ्रान्समध्ये शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्यांची स्थिती बिकट होती. देलाज, देलाये, टॅल्बो या नामांकित गाड्या मोठ्या इंजिनांच्या आणि महागड्या होत्या. सरकारने मोठ्या इंजिनांवर जबर कर लावला होता आणि ज्या धनिकांच्या जिवावर हे कारखाने चालत तो वर्ग विरळ झाला होता. या पडझडीत आमेदे गोर्दिनी हा इटलीत जन्मलेला कारागीर सिम्का कंपनीच्या साध्या गाड्यांचे भाग घेऊन छोट्या, हलक्या शर्यतीच्या गाड्या बांधत होता. फ्रेंच लोक त्याला ‘जादूगार’ म्हणत. पैसा मात्र त्याच्याकडे कधीच पुरेसा नसे. एका शर्यतीचे मानधन आले की दुसरीसाठीचे सुटे भाग, असा त्याचा व्यवहार. गाड्या वेगवान असत आणि वारंवार मोडत. त्रँतिन्याँ त्याच्या संघात दाखल झाला आणि मोडू पाहणारे यंत्र शेवटच्या फेरीपर्यंत कसे न्यायचे हे तिथे शिकला. इंजिनचा सूर बदलला की पाय हलका करणे, गिअर ओढून न बदलणे, ब्रेक वाचवणे ही गोर्दिनीच्या शाळेतली शिस्त पुढे त्याच्या फार कामी आली.

त्या शाळेने त्याचा जीवही जवळजवळ घेतलाच होता. जुलै १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नजवळच्या ब्रेमगार्टन मार्गावर त्याची गाडी घसरली आणि तो रस्त्यावर फेकला गेला. मागून फारिना, बिरा आणि मांझों या चालकांच्या गाड्या येत होत्या. त्याला चिरडू नये म्हणून तिघांनीही आपापल्या गाड्या वळवल्या आणि त्या मोडून घेतल्या. त्रँतिन्याँ काही दिवस बेशुद्ध होता. त्याच आठवड्यात त्याच मार्गावर अकिले वार्झी आणि क्रिस्तियन काउत्स हे दोन चालक मरण पावले. त्या काळातल्या चालकाला सीटबेल्ट नव्हता, डोक्यावर फार तर कडक टोपी असे आणि रस्त्याकडेला झाडे, खांब व प्रेक्षक असत. अपघातात गाडीबाहेर फेकले जाणे हे पेटत्या गाडीत अडकण्यापेक्षा बरे, असाच बहुतेकांचा समज होता. एवढ्या अपघातातून उठलेला माणूस मळ्यात परत गेला असता तर कोणी नावे ठेवली नसती. त्रँतिन्याँ पुढच्या हंगामात परत आला.

१९५० मध्ये चालकांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. २१ मे १९५० रोजी मोनाकोत त्रँतिन्याँ या स्पर्धेत प्रथम उतरला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. बंदरावरून उसळलेल्या पाण्याने ओल्या झालेल्या वळणावर फारिनाची गाडी फिरली आणि मागच्या गाड्या एकमेकांवर आदळल्या. जवळजवळ निम्मा ताफा तिथेच संपला. १९५२ आणि १९५३ मध्ये अजिंक्यपद दोन लिटरच्या छोट्या गाड्यांसाठी खेळले गेल्याने गोर्दिनीला संधी मिळाली, पण फेरारीच्या तोडीचे यंत्र त्याला जमेना. त्रँतिन्याँच्या वाट्याला अधूनमधून पाचवा क्रमांक येई. अजिंक्यपदाबाहेरची १९५१ ची आल्बी ग्रांप्री त्याने जिंकली.

१९५४ मध्ये चित्र पालटले. जानेवारीत अर्जेंटिनात त्याने लुई रोझिए या सहकाऱ्याच्या मालकीची फेरारी चालवून ब्युनॉस आयर्स ग्रांप्री जिंकली आणि त्यानंतर खुद्द फेरारी कारखान्याने त्याला संघात घेतले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याच्या हाती प्रथमच मोडेल की काय ही धास्ती नसलेली गाडी आली. १२ व १३ जून रोजी ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तो अर्जेंटिनाच्या होसे फ्रोइलान गोन्झालेझसोबत जवळपास पाच लिटरच्या इंजिनाची फेरारी आळीपाळीने चालवत होता. अशा गाडीला ताकद आवरत नसे आणि त्यात पाऊस. अखेरच्या टप्प्यात गाडी इंधनासाठी थांबली आणि भिजलेले इंजिन पुन्हा सुरूच होईना. मागून जॅग्वार अंतर कापत येत होती. यंत्रकारांनी ते कसेबसे चालू केले आणि चोवीस तासांच्या धावेनंतर फेरारी जेमतेम चार किलोमीटरच्या फरकाने जिंकली. त्याच वर्षी बेल्जियम ग्रांप्रीत दुसरा, जर्मन ग्रांप्रीत तिसरा आणि अजिंक्यपदात एकूण चौथा क्रमांक त्याने मिळवला. काँ आणि रुआँ येथल्या अजिंक्यपदाबाहेरच्या शर्यतीही त्याने जिंकल्या.

पुढच्या वर्षाची सुरुवातच विलक्षण झाली. १६ जानेवारी १९५५ ची अर्जेंटिना ग्रांप्री भयंकर उन्हात झाली. चालक एकामागून एक गळू लागले आणि नियमांनुसार चालत्या शर्यतीत गाडीवरचे चालक बदलू लागले. त्रँतिन्याँची स्वतःची गाडी बंद पडल्यावर तो दुसऱ्यांच्या दोन गाड्यांवर बसला. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही क्रमांकांच्या तिघा-तिघा वाटेकऱ्यांत त्याचे नाव आले. त्या वर्षीच्या त्याच्या एकूण गुणांत एकतृतीयांशाचा जो अपूर्णांक दिसतो तो या वाटणीचा.

त्याच्या कारकिर्दीचा कळस २२ मे १९५५ ची मोनाको ग्रांप्री. मोनाकोची शर्यत बांधीव धावमार्गावर होत नाही. शहरातलेच रस्ते बंद केले जातात. द्वारका चौकासारख्या ठिकाणची रहदारी थांबवून तिथून ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने गाड्या सोडाव्यात, अशी ती व्यवस्था. एका फेरीची लांबी तीन किलोमीटरहून थोडी अधिक आणि त्या काळी अशा शंभर फेऱ्या, म्हणजे जवळपास तीन तास सतत गिअर बदलणे आणि ब्रेक दाबणे. चूक झाली तर एका बाजूला भिंत, दुसरीकडे समुद्र. मर्सिडीज-बेंझने हुआन मॅन्युएल फांजिओ आणि स्टर्लिंग मॉस हे त्या काळचे दोन सर्वोत्तम चालक उतरवले होते. लान्सियाने नवी गाडी आणि अल्बर्टो आस्कारी. त्रँतिन्याँची फेरारी ६२५ ही या दोन्हींपुढे जुनी होती आणि सुरुवातीच्या रांगांत तो नववा होता.

निम्म्या शर्यतीत फांजिओची गाडी बंद पडली. मॉस मोठ्या आघाडीवर होता. एक्याऐंशीव्या फेरीत त्याच्या इंजिनातून धूर निघाला. आता आस्कारी पहिला होणार तोच बंदराजवळच्या वळणावर त्याचा तोल गेला आणि लान्सिया गवताच्या गंजी व कठडा तोडून थेट समुद्रात पडली. आस्कारी पोहून वर आला. या सगळ्या गोंधळात त्रँतिन्याँ पहिला झाला होता. मागून युजेनियो कास्तेलोत्तीची लान्सिया वेगाने अंतर कमी करत होती, पण उरलेल्या फेऱ्यांत त्रँतिन्याँने चूक केली नाही आणि सुमारे वीस सेकंदांच्या फरकाने शर्यत जिंकली. जागतिक अजिंक्यपदाची ग्रांप्री जिंकणारा तो पहिला फ्रेंच चालक ठरला.

हा विजय नशिबाचा होता असे तेव्हाही म्हटले गेले आणि अजूनही लिहिले जाते. पण ते अर्धेच खरे आहे. पुढच्या गाड्या मोडल्या हे खरे, पण त्या त्याच शंभर फेऱ्यांच्या ताणाने मोडल्या. तो ताण जुन्या फेरारीवरही होता आणि ती टिकली, कारण चालवणाऱ्याने तिला टिकवले. मोनाकोच्या अरुंद रस्त्यात ताकदीपेक्षा टिकाऊपणा मोठा ठरतो, हे त्रँतिन्याँने इतरांआधी ओळखले होते. तो त्या पिढीतला सर्वांत वेगवान चालक नव्हता. अजिंक्यपदाच्या एकाही शर्यतीत त्याने सरावात अव्वल वेळ नोंदवून पहिली जागा पटकावली नाही. मॉस आणि फांजिओ त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान होते. शर्यतीच्या इतिहासात वेगाची मोजदाद होते, यंत्र जपण्याची होत नाही. म्हणूनच त्याला मिळायला हवे होते तेवढे श्रेय मिळाले नाही.

त्या विजयाचा आनंद चारच दिवस टिकला. २६ मे रोजी आस्कारी मोंझाला एका गाडीची चाचणी घेताना मरण पावला. ११ जूनला ल माँमध्ये फ्रेंच चालक पिएर लव्हेगची मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड व स्पेनच्या ग्रांप्री रद्द झाल्या. स्वित्झर्लंडने तर धावमार्गावरच्या मोटार शर्यतींवर बंदीच घातली. त्रँतिन्याँने वर्षअखेर ११ पूर्णांक एकतृतीयांश गुणांसह पुन्हा चौथा क्रमांक राखला.

१९५६ मध्ये तो ब्रिटिश व्हॅनवॉल संघात गेला, तिथे त्याला काही लाभले नाही. त्या वर्षीची एक धाव मात्र फ्रेंच मोटारींच्या इतिहासात महत्त्वाची आहे. १ जुलै रोजी रँस येथे त्याने बुगाटीची नवी ‘टाइप २५१’ चालवली. इटालियन अभियंता जोआक्किनो कोलोंबोने तिचे आठ सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवले होते. कल्पना धाडसी होती, पण कारखान्याकडे ती तडीस नेण्याएवढा पैसा नव्हता. अठरा फेऱ्यांनंतर गाडी थांबली आणि ग्रांप्रीतले बुगाटी हे नाव तिथेच संपले. भावाच्या बुगाटीवर सुरुवात केलेल्या माणसाच्या हातूनच ते व्हावे, हे दुःखद होते. पुढच्या वर्षी गोर्दिनीनेही कारखाना बंद केला आणि फ्रेंच ग्रांप्री गाड्यांची परंपरा काही वर्षांसाठी खंडित झाली. १९५६ मध्येच स्वीडनमधली क्रीडा-मोटारींची ग्रांप्री मात्र त्रँतिन्याँने अमेरिकन फिल हिलसोबत जिंकली होती.

दुसरा मोठा विजय पुन्हा मोनाकोतच आला आणि त्याचा परिणाम पहिल्यापेक्षा खोल झाला. १९५८ पासून नियम बदलले होते. अल्कोहोलमिश्रित इंधनाऐवजी विमानाचे पेट्रोल सक्तीचे झाले आणि शर्यती आखूड झाल्या. जास्त इंधन पिणाऱ्या मोठ्या गाड्यांचा फायदा कमी झाला. इंग्लंडमधल्या कूपर या छोट्या कारखान्याने इंजिन चालकामागे बसवलेल्या हलक्या गाड्या बनवल्या होत्या. इंजिन मागे गेल्याने ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब दांडा चालकाखालून न्यावा लागत नसे. त्यामुळे गाडी खुजी, हलकी आणि वळणावर चपळ होई. जॉनी वॉकर व्हिस्कीच्या घराण्यातला रॉब वॉकर हा हौशी मालक अशी एक कूपर बाळगून होता. जानेवारीत मॉसने तिच्याच धर्तीच्या गाडीने अर्जेंटिना ग्रांप्री जिंकली होती, पण मोठ्या संघांनी त्याकडे योगायोग म्हणून पाहिले.

१८ मे १९५८ रोजी मोनाकोत मॉस व्हॅनवॉलसाठी धावत होता आणि वॉकरची कूपर त्रँतिन्याँकडे होती. तिचे इंजिन दोन लिटरचे, तर फेरारींची त्याहून मोठी. व्हॅनवॉल एकेक करून थांबल्या, आघाडीवरच्या माइक हॉथॉर्नच्या फेरारीत इंधनाचा बिघाड झाला आणि त्रँतिन्याँ लुइजी मुस्सो व पीटर कॉलिन्स यांच्या फेरारींना मागे ठेवून पहिला आला. मागे इंजिन असलेल्या खासगी गाडीचा अजिंक्यपदातला हा लागोपाठचा दुसरा विजय. आता योगायोग म्हणायची सोय उरली नाही. पुढची दोन वर्षे कूपरच्या जॅक ब्रॅबमने अजिंक्यपद मिळवले आणि १९६१ पर्यंत फेरारीनेही इंजिन मागे नेले. आजही ग्रांप्रीतली प्रत्येक गाडी त्याच रचनेची असते.

त्या उन्हाळ्यात मुस्सो रँसला आणि कॉलिन्स न्यूरबर्गरिंगला मरण पावले. अजिंक्यपद मिळवून निवृत्त झालेला हॉथॉर्न जानेवारी १९५९ मध्ये साध्या रस्त्यावरच्या अपघातात गेला. ऑगस्ट १९५९ मध्ये झाँ बेहरा हा त्रँतिन्याँचा सर्वांत तडफदार देशबांधव बर्लिनमध्ये मृत्युमुखी पडला. या यादीशेजारी त्रँतिन्याँची चाळिशीनंतरची वाटचाल ठेवून पाहिली की जपून चालवण्याची किंमत कळते. १९५९ मध्ये तो मोनाकोत तिसरा आला. १२ डिसेंबरला अमेरिकेतल्या सेब्रिंगला त्याने शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी नोंदवली आणि बावीस वर्षांच्या ब्रुस मॅक्लारेनच्या मागे अवघ्या सहा दशांश सेकंदाने दुसरा आला. वर्षअखेर तो पाचवा होता. ल माँलाही त्या वर्षी पॉल फ्रेरसोबत अॅस्टन मार्टिनवर दुसरा क्रमांक मिळाला.

पो हे तर त्याचे आवडते शहर होते. १९५८ आणि १९५९ नंतर त्याने १९६२ मध्ये तिथली ग्रांप्री पुन्हा जिंकली, तीही वॉकरच्या लोटसवर. तो ईस्टरचा सोमवार, २३ एप्रिल. त्याच दिवशी इंग्लंडमधल्या गुडवूडला मॉसचा भीषण अपघात झाला आणि त्याची मोठी कारकीर्द संपली. मॉससाठी ठरलेल्या वॉकरच्या गाडीवर उरलेला हंगाम त्रँतिन्याँने काढला.

शेवटच्या वर्षी, १९६४ मध्ये, तो स्वतःची बीआरएम घेऊन उतरला, म्हणजे पुन्हा १९३८ च्या खासगी चालकासारखा. न्यूरबर्गरिंगच्या जर्मन ग्रांप्रीत शेहेचाळिसाव्या वर्षी त्याने पाचवा क्रमांक आणि दोन गुण मिळवले. सप्टेंबरमधल्या इटालियन ग्रांप्रीनंतर त्याने अजिंक्यपद सोडले. बावीस-तेवीस वर्षांचे चालक ज्या खेळात येऊन संपत होते, त्या खेळात तो पंधरा हंगाम टिकला. ८२ शर्यती, दोन विजय, दहा वेळा पहिल्या तिघांत. १९६५ मध्ये ल माँला गी लिजिएसोबत फोर्ड जीटी चालवून त्याने शर्यतींचा निरोप घेतला.

त्यानंतर तो पूर्णवेळ द्राक्षबागाईतदार झाला. नीम शहराजवळच्या व्हेर्झेझ गावी त्याचा मळा होता. पेरिए या खनिज पाण्याच्या झऱ्यामुळे ते गाव आधीच प्रसिद्ध होते. शर्यती चालू असतानाच त्याने त्या गावाचे महापौरपदही सांभाळले होते. आपल्या वाइनला त्याने ‘ल पेतुले’ असे नाव दिले. १९४५ च्या त्या उंदरांचा उल्लेख तो असा बाटलीवर छापून विकत होता.

घराण्याचे नाव जगभर पोचले ते पुतण्यामुळे. मोठा भाऊ राउलचा मुलगा झाँ-लुई त्रँतिन्याँ हा फ्रेंच चित्रपटातला श्रेष्ठ नट. १९६६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या क्लोद लेलूशच्या ‘एक पुरुष आणि एक स्त्री’ या चित्रपटात तो मोटार शर्यतपटूच होता. पडद्याबाहेरही त्याने शर्यतींत भाग घेतला.

फ्रेंच चालकाच्या पुढच्या ग्रांप्री विजयासाठी १९५८ नंतर तेरा वर्षे थांबावे लागले. ऑक्टोबर १९७१ मध्ये फ्राँस्वा सेव्हेर अमेरिकेत जिंकला. पहिला फ्रेंच जगज्जेता आलँ प्रॉस्त १९८५ मध्ये झाला. त्रँतिन्याँने हे सगळे पाहिले. १३ फेब्रुवारी २००५ रोजी नीम येथे, वयाच्या ८७ व्या वर्षी त्याचे निधन झाले.